आधी हेडफोन की आधी डॅक?

पंधराएक हजार रुपये बाजूला काढले आहेत, हाताशी बरा म्हणावा असा एक जुना हेडफोन आहे आणि आवाज आणखी चांगला हवा आहे. अशा वेळी नवा हेडफोन घ्यावा, की आहे त्याच हेडफोनला बाहेरून डॅक आणि ॲम्प, म्हणजे फाइलमधल्या आकड्यांची विजेची लहर करणारा आणि ती जोरकस करणारा डबा, जोडावा? माझं उत्तर सुरुवातीलाच सांगते. हेडफोन घ्या. याला अपवाद आहेत, त्यातला एक मला स्वतःला लागू पडला, तोही सांगेन. पण मी काय ऐकते, कुठल्या खोलीत बसून ऐकते आणि कशासाठी ऐकते यावर हे उत्तर ठरलं आहे, म्हणून आधी ते.

मी अमळनेरला असते, कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. आजोळ पारोळा तालुक्यातलं. मामांची शेती होती आणि त्यांना टेपरेकॉर्डरचा नाद होता. १९८०च्या दशकात गावात कुठे बायका गायला बसल्या की मामा आपला टू-इन-वन घेऊन तिथे हजर. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे खानदेशात कानबाई ही देवी बसते. रोट होतात, रात्रभर गाणी चालतात, सोमवारी विसर्जन. त्या रात्री, आखाजीला (अक्षय तृतीयेला) झोक्यापाशी, लग्नघरात हळदीला, मामा यंत्र एका कोपऱ्यात ठेवून लाल बटण दाबून द्यायचे आणि कॅसेट संपेपर्यंत कुणाला हलू द्यायचे नाहीत. त्या कॅसेटींची पत्र्याची पेटी आता माझ्याकडे आहे. गाणाऱ्या बायकांमधल्या बऱ्याचजणी आता नाहीत. गाणी अहिराणीत आहेत आणि त्यांतली बरीचशी मला कुठे छापलेली सापडलेली नाहीत. ती शब्दन् शब्द उतरवून काढायची, हे काम मी अंगावर घेतलं आहे.

त्यामुळे चांगला आवाज म्हणजे माझ्या लेखी शब्द कळणारा आवाज. शब्द कळतो तो मुख्यतः व्यंजनांवरून. स्वरांचा जोर खालच्या पट्ट्यात, काही शे हर्ट्झच्या आसपास असतो. स, च, त, क यांच्या कडा मात्र साधारण २,००० ते ८,००० हर्ट्झमध्ये असतात. कॅसेटची सळसळही तिथेच जास्त टोचते. भरीला मामांच्या टू-इन-वनमध्ये त्या काळच्या बहुतेक यंत्रांसारखी रेकॉर्डिंगची पातळी आपोआप सांभाळायची सोय होती. ढोलकीवर जोराची थाप पडली की यंत्र आवाज खाली खेचतं, आणि नेमका त्याच क्षणी गाणारीच्या ओळीचा शेवट बुडतो. एक ओळ लिहायला कधी कधी अख्खी संध्याकाळ जाते. तो बुडालेला शेवट वर काढायला काय मदत करेल, एवढाच माझा प्रश्न होता.

माझा भाचा जळगावला इंजिनिअरिंगला आहे आणि त्याला या विषयात गती आहे. त्याचं म्हणणं सुरुवातीपासून एकच. "मावशी, आधी डॅक घे. लॅपटॉपमधून बाहेर पडतानाच आवाज खराब होतो. मग हेडफोन कितीही भारी असला तरी तो तोच खराब आवाज ऐकवणार." हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. पहिल्या कडीत जे हरवलं ते पुढच्या कडीत परत मिळत नाही, हे खरंच आहे. प्रश्न एवढाच की लॅपटॉपच्या कडीत नेमकं किती हरवतं.

ज्यांना हे नवीन असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. फाइलमध्ये असतात ते आकडे. त्यांचं विजेच्या लहरीत रूपांतर करणारी चिप म्हणजे डॅक. ती लहर हेडफोनचा पडदा हलवण्याइतकी जोरकस करतो तो ॲम्प. आवाज वाजवणाऱ्या प्रत्येक लॅपटॉपमध्ये आणि फोनमध्ये ही दोन्ही कामं कुठेतरी होतातच. बाहेरचा डबा घेतला म्हणजे तीच कामं बाहेर, जास्त ऐसपैस जागेत, जास्त स्वच्छ विजेवर होतात.

आता आकडे बघा. बाजारातला बरा डॅक २० ते २०,००० हर्ट्झच्या पट्ट्यात अर्ध्या डेसिबलच्याही आत सपाट असतो. हेडफोनचं तसं नाही. एकाच किमतीचे दोन हेडफोन घेतले तरी एखाद्या पट्ट्यात त्यांच्यात ५ ते १० डेसिबलचा फरक सहज निघतो. विकृतीचंही, म्हणजे मूळ आवाजात नसलेली भर पडण्याचंही, तेच. डॅकची विकृती टक्क्याच्या हजाराव्या भागांत मोजतात, हेडफोनची खालच्या सुरांत दशांशात आणि कधी पूर्ण टक्क्यातही जाते. कारण साधं आहे. चिपला फक्त वीज हलवायची असते. हेडफोनला एक पातळ पडदा हलवून हवा ढकलायची असते, आणि तीही प्रत्येकाच्या वेगळ्या आकाराच्या कानात. सगळ्यात अवघड काम ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडूनच सगळ्यात जास्त चूक होते. पैसे तिथे लावले की फरक ऐकू येतो.

माझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. कॅसेटची पट्टी सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने पळते. साध्या कॅसेटवर, सळसळ दाबणारी डॉल्बी नावाची सोय नसताना, सगळ्यात मोठा आवाज आणि पट्टीची सळसळ यांत जेमतेम ५० ते ५५ डेसिबलचं अंतर असतं. सीडीच्या १६ बिटांत ते ९६ डेसिबल असतं. आजचे चांगले डॅक ११०च्याही वर जातात. मूळ ध्वनीतच ५० डेसिबलखाली सळसळ बसलेली असताना, ११० डेसिबलपर्यंत शांत असलेला डबा ती सळसळ फक्त जशीच्या तशी माझ्यापर्यंत पोचवणार.

म्हणून एक पैसाही खर्च करण्याआधी मी स्रोताकडे गेले. या भागावर जरा रेंगाळते, कारण हेडफोन-डॅकच्या वादात हा कुणी काढतच नाही आणि माझ्या कामात सगळ्यात मोठा फरक यानेच पडला.

मामांचं यंत्र बंद पडलेलं होतं. बेल्ट सैल होऊन चिकट झाला होता, त्यामुळे गाणं मध्येच मंद व्हायचं. त्या मापाचा बेल्ट अमळनेरला मिळाला नाही, जळगावला गोलाणी मार्केट पालथं घातलं तेव्हा मिळाला. पट्टी वाचणाऱ्या हेडवर वर्षानुवर्षांचं तपकिरी कीट बसलं होतं. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि कापसाची काडी घेऊन ते काढलं. एवढ्यावरच आवाजावरचा पडदा सरकल्यासारखा झाला. पण खरी गंमत पुढे होती. हेडच्या शेजारी एक बारीक स्क्रू असतो, त्याने हेडचा तिरपेपणा ठरतो. मेकॅनिक लोक त्याला ॲझिमथचा स्क्रू म्हणतात. हेडमधली बारीक फट पट्टीच्या चालीला बरोबर काटकोनात असावी लागते. का, ते हिशेबाने पटतं. १०,००० हर्ट्झचा सूर या वेगाने पट्टीवर उतरतो तेव्हा त्याच्या एका लहरीची लांबी पाच मायक्रॉनसुद्धा भरत नाही. पट्टीची रुंदी आहे ३.८१ मिलिमीटर, आणि एका वेळी वाचला जातो तो तिचा निम्म्याहून कमी भाग. एवढ्या रुंदीत फट केसभर जरी कलली, तरी वरच्या टोकाला लहरीचा एक भाग आणि खालच्या टोकाला दुसरा भाग वाचला जातो, दोन्ही एकमेकांना खोडतात आणि वरचे सूर गायब होतात. स, च, त तिथेच मरतात.

आमच्या गावातले एक जुने रेडिओ दुरुस्त करणारे काका आहेत, त्यांनी दाखवलं. स्क्रू आत्ता कुठे आहे त्याची आधी मार्करने खूण करायची. मग हेडफोन लावून, गाणं चालू ठेवून, अगदी हलक्या हाताने थोडा इकडे, थोडा तिकडे. स, च, त सगळ्यात तीक्ष्ण ऐकू येतात तिथे थांबायचं. सोबत सळसळ वाढल्यासारखी वाटली तरी घाबरायचं नाही. ज्या यंत्रावर भरलं त्याच्या हेडचा कल त्या पट्टीवर उतरलेला असतो, म्हणून दुसऱ्या यंत्रावर भरलेली कॅसेट आली की पुन्हा तेच करायचं. काकांनी स्क्रू जागेवर आणला आणि कुणी बाई खोकली ते ऐकू आलं, बांगड्यांचा आवाज आला, मागे कुणीतरी "चहा ठेव" म्हणालं तेही आलं. बाजारातला कुठलाही डॅक मला हे देऊ शकला नसता.

यानंतरच हेडफोन की डॅक हा प्रश्न उरला, आणि तो आम्ही नीट तपासून पाहिला. भाच्याने एका मित्राकडून त्याचा डॅक आणि ॲम्प दोन दिवसांसाठी आणला. त्याची किंमत मी घ्यायला बघत होते त्या हेडफोनपेक्षा जास्त होती. अट मी घातली. दोन्हीकडचा आवाज सारखा मोठा हवा. एक डेसिबलचा फरकसुद्धा कानाला मोठा आवाज म्हणून कळत नाही, चांगला आवाज म्हणून कळतो, आणि दुकानात माल असाच खपतो. भाच्याने २०० हर्ट्झचा एक सूर वाजवून, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून, दोन्ही जागचे व्होल्ट जुळवले. मग मी पाठ करून बसले आणि तो प्लग बदलत गेला. कॅसेटवरचं गाणं ऐकलं, सीडीवरची गाणीही ऐकली. लॅपटॉप बॅटरीवर होता. त्यातला कुठला कुठला आहे, हे मला सांगता आलं नाही. मग भाचा बसला आणि मी प्लग बदलले. त्यालाही सांगता आलं नाही, आणि त्याने ते मोकळेपणाने मान्य केलं. त्याच्या शिक्षणाबद्दलचा माझा आदर त्या दिवशी वाढला.

चार्जर लावला तेव्हा मात्र लॅपटॉपच्या छिद्रातून बारीक किणकिण यायला लागली. डब्यातून ती येत नव्हती. हा फरक खरा होता, कुणालाही ऐकू येईल असा. त्यावर माझा तोडगा म्हणजे चार्जर काढून ठेवणं. काम संध्याकाळी दोन-तीन तास चालतं, तेवढी बॅटरी पुरते. ज्यांचा संगणक टेबलावरचा आहे किंवा ज्यांची बॅटरी गेलेली आहे, त्यांना हा तोडगा नाही. त्यांनी डबा जरूर घ्यावा.

आता हेडफोन. भाच्याचं दुसरं म्हणणं होतं की घ्यायचाच तर उघड्या पाठीचा, म्हणजे बाहेरची बाजू जाळीची असलेला घे, आवाज मोकळा असतो. खरं आहे. पुण्याला बहिणीकडे गेले होते तेव्हा एका दुकानात मी उघड्या पाठीचे दोन-तीन हेडफोन ऐकले. सेनहायझरचा एचडी ६०० त्यात होता. १९९७ पासून चालत आलेलं हे मॉडेल अजून का टिकून आहे ते कानाला लावल्यावर कळलं. माणसाचा आवाज त्यात इतका खरा येतो की मी दुकानात डोळे मिटून उभी राहिले. वातानुकूलित, जाड काचेच्या खोलीत.

पण मला ऐकायचं आहे अमळनेरला, मे महिन्यात. आमच्याकडे पारा ४४-४५ला जातो. कूलर बंद करून खोलीत बसणं शक्य नाही, आणि कूलर म्हणजे पंखा, पंप आणि गवताच्या ताट्यांवरून गळणारं पाणी. फोनवरच्या मीटरमध्ये तो साठ डेसिबलच्या पुढे दाखवतो. फोनचा मीटर काटेकोर नसतो, पण अंदाज यायला पुरे. उघड्या पाठीच्या हेडफोनमधून हा सगळा आवाज कानात येतो, कारण त्याला अडवायला काही नसतंच. मग माणूस काय करतो? आवाज वाढवतो. कूलरच्या वर गाणं आणायला ते ऐंशीच्या पुढे न्यायचं आणि तासन् तास तसंच ऐकत बसायचं. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला ४० तास ऐकायला ८० डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. कान एकदा गेले की परत येत नाहीत, आणि माझं काम कानांवरच आहे. खानदेशात, विदर्भात, मराठवाड्यात उन्हाळ्यात हेडफोन वापरणाऱ्या कुणालाही मी पाठ बंद असलेलाच हेडफोन सुचवेन, मग मोकळेपणा थोडा कमी मिळाला तरी चालेल. परदेशातले लोक हिवाळ्यात, खिडक्या बंद करून, शांत खोलीत बसून ज्या शिफारशी लिहितात त्या आपल्या खोलीला लागू पडतीलच असं नाही.

दुसरी उन्हाळ्याची गोष्ट म्हणजे गादी. नकली चामड्याच्या गाद्या कानाला चिकटतात, घाम येतो आणि दोन-तीन उन्हाळ्यांत त्यांचे पोपडे निघायला लागतात. मखमली गाद्या हवा खेळू देतात. मला चश्मा आहे, त्याच्या काड्यांमुळे गादी आणि डोकं यांत फट राहते आणि खालचे सूर त्या फटीतून निसटतात. मऊ, जाड मखमली गादी काडीभोवती बरीचशी बसते. गाद्या सुट्या विकत मिळतात की नाही, हे मी किमतीच्याही आधी बघितलं.

शेवटी घेतला बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, ८० ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचं माप). पाठ बंद, करड्या मखमली गाद्या, सगळे भाग सुटे मिळतात. बाहेरचा आवाज साधारण १८ डेसिबलने कमी करतो असं कंपनी सांगते, आणि कूलर चालू असताना मला ते पटतं. हाच हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन प्रकारांत मिळतो. इथेच बाहेरच्या ॲम्पचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. "ओहम जास्त म्हणजे ॲम्प लागणारच" असं लोक ठोकून देतात. हिशेब करून बघा. एक मिलिवॉटला तो ९६ डेसिबल देतो. ८० ओहमला एक मिलिवॉट म्हणजे ०.२८ व्होल्ट. लॅपटॉपने एक व्होल्ट दिला तर सुमारे १२ मिलिवॉट होतात, म्हणजे १०७ डेसिबल. अर्धाच व्होल्ट देणाऱ्या साध्या फोनवरही १०१. एवढ्यावर मी कधी ऐकणारच नाही. २५० ओहमचा असता तर एक व्होल्टला १०२ डेसिबल आणि अर्ध्या व्होल्टला ९६. बोलणं किंवा कॅसेट ऐकायला तेही पुरतं, पण आवाजाची मोठी चढ-उतार असलेलं संगीत फोनवर ऐकणाऱ्याला कमी पडेल. अशा माणसाने आधी ॲम्प घ्यावा, मी आडवी येणार नाही. आपल्या हेडफोनच्या खोक्यावरचे दोन आकडे आणि हा हिशेब, एवढ्यावर बहुतेकांचा प्रश्न घरीच सुटतो. आवाजाची पट्टी साठ-सत्तर टक्क्यांवर असताना पुरेसं मोठं ऐकू येत असेल आणि गाणं थांबवल्यावर सळसळ किंवा घरघर येत नसेल, तर ॲम्पपायी काही अडलेलं नाही.

नवा हेडफोन आला त्या संध्याकाळी मी मायला बसवलं. ती सत्तरीच्या पुढची, वरचे सूर तिला आता कमीच ऐकू येत असणार. जुना हेडफोन ती लगेच काढून ठेवायची, कान तापतात म्हणायची. हा तिने काढला नाही. आखाजीची कॅसेट होती. पाठीमागे साथ देणाऱ्या बायकांमधला एक आवाज तिने पकडला आणि मोठ्याने, हेडफोन लावलेला माणूस बोलतो तसं, म्हणाली, "हाई ते मन्ही मावशी शे व!" मग एकेका आवाजाला नाव मिळत गेलं. मुख्य गाणारी कोण, साथीला कोण, मध्येच हसणारी कोण. मी वही घेऊन शेजारी बसले होते. गाण्याच्या शब्दांसोबत गाणाऱ्यांची नावं लिहिता येतील असं मला तोवर वाटलंच नव्हतं. माझ्यासाठी हेडफोनचे पैसे तिथेच वसूल झाले.

या हेडफोनला एक खोड आहे, घेण्याआधीच माहीत होती. आठ-नऊ हजार हर्ट्झच्या आसपास तो चढा वाजतो. कॅसेटची सळसळ त्यामुळे टोचते. त्यावर खर्च शून्य आहे. विंडोजवर इक्वलायझर एपीओ नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाकलं आणि तेवढा पट्टा तीन-चार डेसिबल खाली ओढला. खरं तर हे आधी जुन्या हेडफोनवर करून बघावं आणि त्यात भागत असेल तर काहीच घेऊ नये. माझ्या जुन्याचं तेवढ्यावर भागलं नाही, कारण त्याची गादी कानावरच दाबायची आणि बाहेरचं सगळं आत यायचं. इक्वलायझर कूलरला गप्प करू शकत नाही.

आता माझा अपवाद. बाहेरचा एक डबा मी घेतला, पण ऐकण्यासाठी नव्हे, भरण्यासाठी. कॅसेट संगणकात उतरवायची तर टेपचा आवाज आत जायला दार हवं. हल्लीच्या लॅपटॉपला एकच छिद्र असतं आणि त्यातून आत जाणारी वाट माइकची असते, एकच बाजू घेणारी, माइकच्या नाजूक पातळीला जुळवलेली. टेपची जोरकस लाइन त्यात घातली की आवाज फाटतो. त्यासाठी बेरिंजरचा यूसीए २०२ घेतला. तळहातावर मावणारा, यूएसबीवर चालणारा, लाल-पांढऱ्या आरसीए पिना थेट घेणारा, १६ बिट आणि ४८,००० हर्ट्झपर्यंत. कॅसेटच्या ५०-५५ डेसिबलला १६ बिट भरपूर झाले. किंमत हेडफोनच्या पाव हिश्श्याच्या आसपास. आज ॲम्पसाठी कुणी मोठी रक्कम खर्च करायला निघालं असेल आणि त्यांच्याकडे घरात जुन्या टेप असतील, तर आत घेणारा डबा घ्या, असं मी आवर्जून सांगेन. माझ्या डब्याला हेडफोनचं छिद्रही आहे.

भरताना घरघरीचा त्रास सुरुवातीला फार झाला. टेप भिंतीच्या विजेवर, लॅपटॉपही चार्जरवर, आणि आमच्या जुन्या घरात अर्थिंग नावालाच. दोन्ही यंत्रं तारेने जोडली की ५० हर्ट्झची गुणगुण थेट फाइलमध्ये उतरायची. लॅपटॉपचा चार्जर काढला की गुणगुण बंद. दिवे गेल्यावर इन्व्हर्टरवर भरायचा विचारही करू नका, चौकोनी लहरीचा स्वस्त इन्व्हर्टर असेल तर पंख्यासारखीच टेपही गुरगुरते आणि ते नंतर निघता निघत नाही. अर्थिंग मी वायरमन बोलावून नीट करून घेतलं. ऐकण्याच्या सामानावर खर्च करण्याआधी हा खर्च करा. तो घरातल्या माणसांच्या जिवासाठीही गरजेचा आहे.

फोनवर ऐकणाऱ्यांसाठी एवढंच, की फोनला हेडफोनचं छिद्र नसेल तर टाइप-सीची छोटी पिन घ्यावीच लागते, आणि ती पिन म्हणजेच बहुतेकदा डॅक आणि ॲम्प दोन्ही असतो. हजाराच्या आसपासच्या चांगल्या पिना मोजणीत उत्तम निघतात. त्यापलीकडे जाण्याआधी वरचा हिशेब करून बघा.

भाचा आता म्हणतो, पुढच्या वर्षी डॅक घेऊ. पुढच्या वर्षी मला सुट्या मखमली गाद्यांची एक जोडी आणि आणखी एक चालू स्थितीतला कॅसेट डेक घ्यायचा आहे. मामांच्या यंत्राचा हेड झिजत चालला आहे आणि पेटी अजून अर्धीही रिकामी झालेली नाही.

एक विनंती. अमळनेर, पारोळा, एरंडोल, धुळे, चाळीसगाव, कुठेही तुमच्या माळ्यावर कानबाईच्या, आखाजीच्या, लग्नातल्या गाण्यांच्या घरी भरलेल्या कॅसेटी असतील तर त्या सहज म्हणून वाजवून बघू नका. आधी कॅसेटच्या खिडकीतून पट्टीवर पांढरी बुरशी दिसते का ते बघा. दिसली तर तशीच ठेवा, यंत्रात घालू नका, बुरशी हेडवरून दुसऱ्या कॅसेटींना लागते. दिसली नाही तर हेड पुसून, पट्टी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून मगच लावा. मला कळवलंत तर मी यंत्र घेऊन येईन, तुमच्या समोर उतरवून फाइल आणि कॅसेट दोन्ही तुमच्याकडेच ठेवून जाईन. हे पावसाळ्याआधी झालं तर बरं, दमट हवेत बुरशी झपाट्याने वाढते.